मार्क्सवादी स्त्रीवाद नेमका कुठे अपुरा पडतो?

रानजाई
आमच्या वाचनगटात सध्या मार्क्सवादी स्त्रीवाद चाललाय, म्हणजे बाईचं दुय्यमपण मालमत्ता आणि भांडवलाच्या अंगाने समजून घेणारा विचार. एंगल्सचं कुटुंब आणि मालमत्तेच्या उगमावरचं १८८४चं पुस्तक, मग सत्तरच्या दशकातला घरकामाचा वाद (बाईचं फुकटचं घरकाम भांडवलाच्या हिशोबात कुठे बसतं), मग हायडी हार्टमन, मारिया मीस, सिल्व्हिया फेडेरिची असं करत आलो. सुरुवातीला फार भारी वाटलं, कारण गिरणीत जाणारा माणूस रोज सकाळी जेवून, धुतलेले कपडे घालून कामाला उभा राहतो तो आपोआप राहत नाही, त्याच्यामागे कुणाचे तरी सहा-सात तास असतात आणि त्या तासांचा पैसा मालक देत नाही, हे इतकं स्वच्छ मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पण पुढे जाऊन एका जागी अडकलेय. भांडवलाला उद्याच्या पाळीला कामगार तयार हवा, मान्य. पण तो तयार करून देणारी बाईच का? भाकरी कोण थापतं याच्याशी मालकाला काय देणंघेणं? हार्टमनने १९७९च्या निबंधात हेच पकडलंय की मार्क्सच्या चौकटीत मालक, कामगार, राखीव कामगारांची (गरजेला घ्यायच्या बेकारांची) फौज अशा जागा आहेत पण कुठल्या जागेवर बाई बसणार आणि कुठल्या जागेवर पुरुष, हे ती चौकट सांगत नाही. माझ्या मते ही या सिद्धांताची मुख्य उणीव आहे, बाकीच्या टीका (जात दिसत नाही, घरातली मारहाण दिसत नाही वगैरे) याच्यातूनच निघतात. तुम्हाला काय वाटतं? नुसती पुस्तकांची नावं टाकू नका, आपल्याकडचं काही माहीत असेल तर लिहा.

डावखुरा
चांगला धागा. पण एंगल्सला झोडपणं आता फार सोपं झालंय. त्याचा सगळा आधार मानववंश अभ्यासक मॉर्गनच्या १८७७च्या पुस्तकावर, आधी मातृसत्ता मग मालमत्ता मग पितृसत्ता हा सरळ जिना आज कुठलाही मानववंशशास्त्रज्ञ मान्य करणार नाही, हे खरंच. तरी बाईचं दुय्यमपण निसर्गाने दिलेलं नाही, त्याला इतिहास आहे, म्हणजे ते संपवता येतं, हे त्याने चळवळींच्या हातात दिलं. ते सोडून द्यायचं का?

माणदेशी
@डावखुरा, इतिहास आहे हे सांगायला आपल्याला एंगल्सची वाट बघायची गरज नव्हती. ताराबाई शिंद्यांचं स्त्रीपुरुष तुलना १८८२चं, म्हणजे एंगल्सच्या दोन वर्षं आधीचं, आणि ते बुलढाण्यातून. मालमत्तेचा सिद्धांत नाही त्यात, पण शास्त्रं कुणी लिहिली आणि कुणाच्या सोयीची लिहिली हा प्रश्न रोखठोक विचारलाय.

गिरणगावकर
एंगल्सचं कामगाराच्या घराबद्दलचं म्हणणं मला कधीच पटलं नाही. कामगाराकडे मालमत्ता नाही, म्हणजे त्याच्या घरात नवरेशाहीला पायाच नाही, फार तर मारहाणीची थोडी सवय शिल्लक राहते, असं तो लिहितो. अहो मी लालबागच्या चाळीत वाढलोय. एका खोलीत सात माणसं, मालमत्ता म्हणाल तर एक ट्रंक आणि गावाकडची दोन गुंठे पड जमीन, आणि तरी पगाराच्या दिवशी पाकीट कुणाच्या हातात जाणार, त्यातलं किती गुत्त्यावर जाणार, हे ठरवणारा माणूस एकच. युनियनचे कट्टर लाल बावटेवाले होते आमच्या माळ्यावर, सभेत शोषण या विषयावर तासभर बोलायचे आणि घरी आल्यावर पाण्याचा तांब्या जागेवर लागायचा. मालमत्ता नव्हती तरी हुकूम होता. हा हुकूम कुठून येतो ते तुमच्या सिद्धांतात शोधून दाखवा.

दुसरं म्हणजे गिरण्यांचाच इतिहास बघा. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार बाई होती, बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात. मग यंत्रं बदलली, कामगार कपात सुरू झाली, रात्रपाळीला बायका घ्यायला कायद्याने बंदी होतीच, १९२९ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला आणि मालकांना बाई महाग वाटायला लागली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बायका जवळजवळ दिसेनाशा झाल्या. यात मालकाचा नफा आहेच, पण युनियनवाल्यांनी त्या नोकऱ्यांसाठी जीव टाकला का? पुरुषाच्या पगारात घर चाललं पाहिजे, याच भाषेत मागण्या व्हायच्या. म्हणजे कामगार पुरुषाचाही बाई घरी असण्यात फायदा होता. हार्टमन इंग्लंड-अमेरिकेबद्दल जे म्हणते ते परळ-लालबागला तंतोतंत लागू पडतं.

शमा_के
+१. तांब्याचं वाचून आमचे सासरे डोळ्यांसमोर आले.

डावखुरा
@गिरणगावकर, मुद्दा मान्य, पण खाणावळवाल्या विसरलात. कोकणातून, साताऱ्याहून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालणाऱ्या बायका त्याच गिरणगावातल्या. त्यांचं काम घरकाम म्हणायचं की धंदा? गिरण्या चालायला त्या लागत होत्या, सत्तरच्या दशकातल्या संपात कामगारांना उधारीवर जगवलं त्यांनी. आणि त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते १९७५ला प्रेमा पुरवांनी, ज्या स्वतः कम्युनिस्ट चळवळीतल्या. म्हणजे डाव्या विचाराच्या माणसाला ते काम दिसलं.

रानजाई
दिसलं, पण कधी? खाणावळी किती जुन्या आणि मंडळ किती नवं ते बघा. आणि दिसलं ते एका बाईला.

डावखुरा
मग शहादा घ्या. १९७२पासून श्रमिक संघटना भिल्ल शेतमजुरांची मजुरी आणि जमिनी यासाठी लढत होती, शुद्ध वर्गलढा. त्यातूनच बायका उठल्या, गावोगावी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. वर्गाच्या चळवळीने घरातल्या हिंसेकडे पाठ फिरवली असं सरसकट म्हणू नका.

रानजाई
मी शहाद्याचं उदाहरण नेमकं उलट वाचते. संघटनेच्या कार्यक्रमात दारू आणि मारहाण पहिल्यापासून नव्हती, बायकांनी ती आणली. मजुरी वाढली तर ती गुत्त्यावरच जाणार असेल तर आमच्या पदरात काय, हा त्यांचा हिशोब होता आणि तो कुठल्याही पुस्तकापेक्षा पुढचा होता. संघटना त्यांच्या मागे उभी राहिली हे तिचं मोठेपण, पण सिद्धांताने ते आधी सांगितलं नव्हतं. चळवळ सिद्धांतापेक्षा हुशार निघाली तर श्रेय सिद्धांताला कसं द्यायचं?

कोथरूडचा_मी
एक भाबडा प्रश्न. मुलींना शिक्षण, नोकरी, स्वतःचं बँक खातं दिलं की प्रश्न सुटत नाही का? एवढं मार्क्स वगैरे कशाला?

लाइपझिगकर
@कोथरूडचा_मी, मी पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या भागात राहते, इथे हा प्रयोग चाळीस वर्षं झाला. बहुतेक सगळ्या बायका नोकरीत, पाळणाघरं सरकारी, गर्भपात १९७२पासून कायदेशीर. आणि तरी त्या सरकारने एक गंमत केली होती. हाउसहाल्ट्सटाग, म्हणजे महिन्यातून एक दिवस पगारी सुट्टी घरकामासाठी. ती कुणाला? बायकांना. पुरुषांना ती मिळायला १९७७ उजाडलं आणि तेही अगदी ठरावीक परिस्थितीत, म्हणजे बायको आजारी असेल किंवा घरात बाईमाणूसच नसेल तर. माझ्या शेजारच्या आजी सांगतात की त्या दिवशी सगळी इमारत कपडे वाळत घालायची. उत्पादनाची साधनं सरकारच्या मालकीची झाली होती, नोकऱ्या होत्या, बाई कमावत होती, आणि धुणं तिचंच होतं.

म्हणून मला वाटतं एंगल्सचा नुसखा (बाईला सार्वजनिक उत्पादनात आणा, घरकाम सामाजिक करा) निम्माच चालतो. क्रांतीनंतरच्या रशियात तर त्याहून वाईट. १९२०ला गर्भपात कायदेशीर केला, पक्षाचा महिला विभाग काढला, कोलोंताय वगैरे बायका तिथे जीव ओतून काम करत होत्या. १९३०ला तो विभाग बंद, बाईचा प्रश्न सुटला म्हणून, आणि १९३६ला गर्भपातावर बंदी. बाईचा प्रश्न क्रांतीच्या पोटात आहे असं एकदा ठरलं की क्रांती झाली म्हणणाऱ्याला तो सुटला असं जाहीर करायची मुभा मिळते.

गिरणगावकर
शेवटचं वाक्य एक नंबर. आपल्याकडेही माकप १९६४ला स्थापन झाला आणि पॉलिट ब्यूरोत पहिली बाई आली २००५ला. महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्च्यात याच पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर सगळ्यात पुढे असायच्या, तरी.

माणदेशी
सगळे वर्ग आणि लिंग यातच फिरताय. रानजाईंचा मूळ प्रश्न होता की बाईच का. आपल्याकडे त्याचं निम्मं उत्तर जातीत आहे आणि ते आंबेडकरांनी १९१६ला कोलंबियात वाचलेल्या निबंधात दिलंय, वय वर्षं पंचवीस असताना. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. मग नवरा मेलेली बाई जास्तीची ठरते, तिचं काय करायचं, तर सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको मेलेल्या पुरुषाला मात्र असं संपवता येत नाही, म्हणून त्याला खालच्या वयातली मुलगी द्यायची, त्यातून बालविवाह. म्हणजे बाईवरचा ताबा हा जातीचा परिणाम नाही, जात चालवायचं यंत्रच तो आहे. आता हे मार्क्सवादी चौकटीत कुठे बसवणार? जमीन मालकीच्या खात्यात बसत नाही, कारण भूमिहीन जातीसुद्धा पोरीने जातीबाहेर लग्न केलं की कुऱ्हाड काढतात. गमवायला काय असतं त्यांच्याकडे?

शरद पाटलांनी नेमका हाच धागा धरला. १९७८ला माकप सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला धुळ्यात, मार्क्स-फुले-आंबेडकर एकत्र वाचायला लावले. त्यांचं प्राचीन स्त्रीसत्तेबद्दलचं लिखाण मला स्वतःला ताणलेलं वाटतं, पण जात हा नुसता वरचा इमला आहे, पाया बदलला की आपोआप पडेल, या म्हणण्याला आतून सुरुंग लावला तो त्यांनी.

शमा_के
शर्मिला रेगे यांचंही नाव घ्या की. दलित बाईच्या जागेवरून बघितलं तर चित्र कसं बदलतं हे त्यांनी १९९८च्या लेखात मांडलं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या डाव्या बायकांनी जात वर्गात विरघळवली आणि बाकीच्या स्त्रीवाद्यांनी ती भगिनीभावात विरघळवली, हा त्यांचा आरोप मला अजूनही दोन्हीकडे बरोबर वाटतो.

डावखुरा
@माणदेशी, ‘गमवायला काय असतं’ याचं उत्तर जाता जाता देतो. जातीतली माणसं कामाला, उधारीला, लग्नाला, मयताला उभी राहतात, हीच गरिबाची मालमत्ता. ती तुटते. म्हणजे भौतिक कारण आहेच, फक्त सातबाऱ्यावर दिसत नाही.

माणदेशी
हे चांगलं सांगितलंत. पण मग तुम्ही मार्क्सला ओढून आंबेडकरांपर्यंत आणलंत. चालेल मला.

बालाघाट
बीडमधून लिहितोय, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दिवाळीनंतर आमचे निम्मे वर्ग रिकामे होतात कारण आईबाप ऊसतोडीला जातात, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, पण व्यवहार होतो नवऱ्याशी, पैसे त्याच्या हातात, अंगठा त्याचा. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता, आणि एकटी बाई असेल तर तिला टोळीत घेताना दहा प्रश्न. बाई पहाटे उठून भाकऱ्या करते, मग फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, रात्री कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) येऊन परत चूल. एक दिवस गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड कापतात. मासिक पाळीत पोट दुखलं तरी खाडा परवडत नाही. मग डॉक्टर म्हणतो पिशवी (गर्भाशय) काढून टाका, आणि उचलीतूनच पैसे घेऊन पंचविशी-तिशीतल्या बायका पिशवी काढतात. २०१९ला सरकारने नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली, तिने बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली.

आता सिद्धांताकडे येतो. मार्क्सवादी स्त्रीवाद इथे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, हे आधी सांगतो, कारण उदारमतवादी मंडळी म्हणतात जनजागृती करा, पॅड वाटा. पॅडने खाडा थांबत नाही. कामाची रचना बदलली पाहिजे हे फक्त डावेच बोलतात. भांडवलाला उद्याचा कामगार लागतो म्हणून ते बाईची कूस जपतं, असं पुस्तकात वाचलं होतं, पण इथे उलटं दिसतं, या हंगामातला ऊस गाळपाला जाण्यासाठी ते कूसच काढून घेतं. त्याला उद्याची फिकीर नाही, कारण दुष्काळ आहे तोवर नवी जोडी मिळणारच. पुनरुत्पादनाच्या सिद्धांताने (घरकामातून भांडवलाला उद्याचा कामगार तयार मिळतो असं सांगणाऱ्या) याचं उत्तर द्यायला पाहिजे.

पण अर्धी गोष्ट त्यातही सुटते. उचल नवऱ्याच्याच हातात का? मुकादमाला सोयीचं म्हणून, बरोबर. पण कारखान्याने उद्या दोघांना वेगळी उचल दिली तर नवराच बायकोची काढून घेईल, हे मुकादमाने शिकवलेलं नाही. आणि फडात, कोपीवर, रात्री पोरींच्या बाबतीत जे घडतं त्याच्या धास्तीने आईबाप पोरींची लग्नं चौदा-पंधराव्या वर्षी उरकतात. लग्न झालं की नवी जोडी, नवा कोयता, नवी उचल. इथे पैसा, अब्रू आणि बाईच्या शरीराची भीती असे तीन पीळ आहेत आणि कुठलाही एक सोडवला तरी दोर तसाच राहतो. सातवीतल्या माझ्या पोरी अशाच गेल्यात.

शमा_के
काय लिहू कळत नाहीये. लिहीत राहा सर.

लाइपझिगकर
@बालाघाट, तुमचं वाचून मारिया मीसची आठवण झाली (साठच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवायच्या त्या). आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२चा त्यांचा अभ्यास आहे. बायका घरात बसून परदेशी जाणारी लेस विणतात, निर्यातदार गब्बर होतात, आणि कागदोपत्री त्या गृहिणी, फावल्या वेळात विणकाम करणाऱ्या. गृहिणी ठरवलं की मजुरी पाडता येते. तुमच्या जोडीतली बाईसुद्धा तशीच, फडात राबते आणि हिशोबात बायको असते. पण मीस यांच्याच नोंदीत आहे की घराबाहेर कामाला न जाणं ही तिथल्या कापू जातीच्या बायकांसाठी जातीची प्रतिष्ठा होती. त्यांनी नोंदवलं, मात्र सिद्धांत बांधताना भांडवलाला झुकतं माप दिलं.

कोथरूडचा_मी
बालाघाट सरांची पोस्ट वाचून माझा बँक खात्याचा प्रश्न मागे घेत नाही, पण तो पुरेसा नाही हे कळलं. बरं मग घरकामाला वेतन या मागणीचं काय? आपल्या लाडक्या बहिणीचे १५०० म्हणजे तेच ना?

सायली_प
ते नव्हे. १९७२ला इटलीतून जी मोहीम सुरू झाली ती हे काम आहे, याचा मोबदला द्या आणि आम्हाला ते नाकारायचाही हक्क आहे, असं म्हणत होती. १५०० मिळणाऱ्या बाईला कुणी काम म्हणून विचारलेलं नाही, बहीण म्हणून ओवाळणी दिलीय. पैसे वाईट नाहीत, माझ्याकडे येणाऱ्या ताईंनी त्यातून पोराच्या क्लासची फी भरली. पण त्या मोहिमेवरची अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या अँजेला डेव्हिसची १९८१ची टीका मला जास्त लागते. ती म्हणते काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पैसे घेऊन दुसऱ्यांची घरं झाडत आल्यात, पैसे मिळाल्याने त्या मोकळ्या झाल्या का?

आणि मला या सगळ्या सिद्धांतात एक मोठी पोकळी दिसते तिच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. तिला भरवणं, न्हाऊ घालणं, रात्री उठून तिला परत झोपवणं, हे घरकाम भांडवलासाठी उद्याचा कामगार तयार करतं का? ती आता कधीच कामाला जाणार नाही. भांडवलाच्या हिशोबाने तिला सांभाळण्यात कुणाचाच फायदा नाही. श्रमशक्तीचं पुनरुत्पादन ही कल्पना लेकराला आणि नवऱ्याला लागू पडते, म्हातारीला पडत नाही, अपंग भावाला पडत नाही. आणि तरी हे कामही बाईवरच येतं. माझे दोन भाऊ आहेत, दोघेही चांगले, पैसे पाठवतात, फोन करतात. उठायची मी. भांडवलाची गरज हेच जर बाईवर काम पडण्याचं कारण असेल तर जिथे भांडवलाला गरजच नाही तिथे काम वाटून जायला हवं होतं. उलट जिथे काही मोबदला नाही, कौतुक नाही, शेवट चांगला होणार नाही हे माहीत आहे, तिथे बाई आणखी पक्की अडकते. दिवसपाळीला ब्यूरोतून मावशी येतात, बारा तासांच्या. त्यांची स्वतःची आई गावाला, तिचं बघायला त्यांची बारावी सोडलेली मुलगी.

मी आईचं करते ते शोषण म्हणून नाही करत, मला तिचं करायचंय. हे वाक्यसुद्धा कुठल्या मार्क्सवादी पुस्तकात नीट बसत नाही. माया म्हटलं की ती फसवणूक आहे असं म्हणणार, नाहीतर दुर्लक्ष करणार. मला दोन्ही नको. मला करायचंय आणि भावांनीही रात्री उठायला हवं.

रानजाई
सायली, आत्तापर्यंतचा सगळ्यात नेमका आक्षेप. वेळ वापराच्या २०१९च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांचे ९७. हा फरक भूमिहीनांपासून बंगलेवाल्यांपर्यंत सगळीकडे आहे. वर्ग बदलला की काम बदलतं, यंत्रं येतात, मावशी येतात, पण जबाबदारी कुणाची ते बदलत नाही.

डावखुरा
सायलीताईंना उत्तर द्यायचा प्रयत्न करत नाही, कारण माझ्याकडे ते नाही. एवढंच म्हणतो की सरकारने म्हातारपणाची जबाबदारी झटकली, पेन्शन नाही, सरकारी वृद्धसेवा नाही, म्हणून ते घरावर आलं, हा भाग आर्थिक आहे. घरात आल्यावर तुमच्यावरच का आलं, तिथे आमचं शास्त्र गप्प होतं. अंगणवाडी आणि आशाताईंच्या आंदोलनात मी असतो. सरकार त्यांना कामगार म्हणून पगार देत नाही, मानधन देतं. २०२२ला अंगणवाडीताईंचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. तिथे आमचा सिद्धांत खणखणीत चालतो. पण धरण्याला बसलेल्या बायका चार वाजले की घड्याळ बघतात, त्याच्यासाठी आमच्याकडे अजून मागणीपत्रक नाही.

माणदेशी
एक गोष्ट डाव्यांनी दुसऱ्यांकडून उचलावी अशी. शेतकरी संघटना मार्क्सवादी नव्हती, उलट शरद जोशी खुल्या बाजाराचे. पण १९८६च्या चांदवड अधिवेशनाला लाखावर शेतकरी बायका जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावे जमीन केली. मालमत्ता हा कळीचा मुद्दा म्हणणाऱ्यांनी जे केलं नाही ते बाजारवाल्यांनी केलं. डाव्या चळवळीतल्या अभ्यासक गेल ऑम्वेट यांनी कासेगावात बसून याच्याकडे गांभीर्याने बघितलं म्हणून त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना बोल लावले.

गिरणगावकर
@बालाघाट, वेगळ्या उचलीचं तुम्ही म्हणालात की नवरा काढून घेईल. मग मागावं की नाही?

बालाघाट
मागावंच. खात्यावर आली तर निदान बाई टोळीच्या वहीत स्वतःच्या नावाने येईल. आज तिचा अपघात झाला तर ती तिथे होती हेच सिद्ध करताना नाकीनऊ येतात. ओळखपत्राचे फॉर्म भरायला मी सुट्टीत बसतो तेव्हा नवरे म्हणतात एकच कार्ड काढा, ती माझ्याबरोबरच असते. मी दोन भरतो. नवरा पैसे काढून घेईल तेव्हा तिच्या बाजूने कोण उभं राहणार, यासाठी गावात बायकांची संघटना लागेल, तशी केजकडच्या काही गावांत बांधायला सुरुवात झालीय. आणि साखरशाळा (ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीच्या हंगामी शाळा), वसतिगृहं चालली पाहिजेत म्हणजे सातवी-आठवीच्या पोरी मागे राहू शकतील. या ऑक्टोबरला आमच्या शाळेतल्या नऊ पोरींसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवतोय, कुणाला त्यातल्या कागदपत्रांचा अनुभव असेल तर व्यनि करा.